साळिंदराचं बीळ, अजगराची अंडी: दोडामार्गातल्या प्रकल्प नोंदी

१९ डिसेंबर

कामाची आखणी ठरली. सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या खोऱ्यालगतच्या एका गावात काजूच्या बागा जिथे रानाला भिडतात, त्या पट्ट्यातली साळिंदराची बिळं नकाशावर घ्यायची आणि त्यांतल्या कुठल्या बिळांत अजगर राहतो, ते पाऊस लागेपर्यंत पाहत राहायचं. अजगर पकडायचा नाही, मोजायचा नाही, बिळात काही घालायचं नाही. वनविभागाची परवानगी बाहेरून निरीक्षण करण्यापुरती आणि बिळाच्या तोंडापासून लांब कॅमेरे लावण्यापुरती आहे. अजगर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याच्या बाबतीत हात आखडता घेणं हेच बरोबर.

अजगराऐवजी बिळापासून सुरुवात कशाला, असं गटातल्या मुलांनी विचारलं. कारण अजगर बीळ खणत नाही. खणायला त्याच्याकडे काही नाहीच. साळिंदर खणतं, कोल्हा ते रुंद करतो, एखादं जुनं वारूळ आतून पोकळ होतं, जांभ्यात कपार सापडते. अजगराला यांतलंच काहीतरी लागतं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हे फार बारकाईने पाहिलं गेलंय. एस. भूपती यांनी १९८० च्या दशकात तिथल्या अजगरांवर काम सुरू केलं आणि पुढच्या अभ्यासकांनी बिळांवर कॅमेरे लावले. एकाच बिळात साळिंदर, अजगर आणि वटवाघळं असा मुक्काम तिथे नोंदवलेला आहे. अजगर साळिंदर खातो हेही खरं. तरी दोघं एका बिळात नांदतात. कोकणातल्या ओल्या रानात काय होतं ते बघायचंय.

२८ डिसेंबर

राईच्या वरच्या अंगाला चार बिळं. दोन चालू: तोंडाशी ताजी माती, काटे, कुरतडलेली हाडं. साळिंदर हाडं कुरतडतं, त्यामुळे हाड दिसलं की बीळ अजगराचं असं लगेच धरायचं नाही, हे मुलांना दाखवून दिलं. अजगराची खूण वेगळी. धुळीत हाताच्या पंज्याएवढा रुंद, जवळजवळ सरळ जाणारा पट्टा. मोठा अजगर घाईत नसेल तर वळवळत नाही. पोटावरचे आडवे खवले मातीत रुतवतो, ओढतो, पुन्हा पुढे नेतो आणि अंग सरळ रेषेत पुढे सरकतं. तसा पट्टा राईजवळच्या बिळाशी मिळाला. त्याला नकाशावर ‘ब-३’ म्हटलंय.

९ जानेवारी

सकाळी चांगलाच गारठा. ब-३ समोरच्या ऐनाच्या बुंध्याआड बसले. दहाच्या सुमारास उन्हाचा तुकडा बिळाच्या तोंडावर आला आणि डोकं बाहेर दिसलं. पुढचा बराच वेळ अंग थोडं थोडं बाहेर येत राहिलं. शेपटाकडचा भाग शेवटपर्यंत आतच.

दुर्बिणीतून जे दिसलं ते सविस्तर लिहिते. अंगाचा रंग पिवळट राखाडी, त्यावर तपकिरी ठिपके. ठिपके वेडेवाकडे, कडा गडद, एकमेकांना खेटलेले. वाळलेल्या पाचोळ्यावर ऊन-सावली पडली की अंगाची कड कुठे संपते ते कळत नाही. डोक्याला फिकट गुलाबी झाक. माथ्यावर भाल्याच्या पात्याची खूण, पण नाकाडाकडे ती विरत जाते. आपल्या अजगराची ही ओळख. ब्रह्मी अजगरात तीच खूण पुढपर्यंत ठसठशीत असते आणि २००९ पासून ती जात वेगळीच मानली जाते. आपल्याकडच्या कितीतरी माहितीफलकांवर फोटो ब्रह्मी अजगराचाच असतो. आमच्या फलकावर इथलाच फोटो घ्यायचा.

वरच्या ओठाच्या पुढच्या खवल्यांत खळगे स्पष्ट दिसले. हे उष्णता जाणणारे खळगे. गरम रक्ताचं जनावर अंधारातून जात असेल तर त्याच्या उबेवरून ते कुठे आहे हे अजगराला कळतं. ऐकू फारसं येत नाही, डोळे बेताचे, पण जीभ आणि हे खळगे मिळून त्याचं काम भागतं.

पावणेअकराला खालच्या पायवाटेने काही माणसं बोलत गेली. अजगर लगेच आत. परत बाहेर आला नाही. भरतपूरच्या अभ्यासात हेच मांडलंय की पर्यटकांच्या वर्दळीने अजगरांचं ऊन घेण्याचं वेळापत्रक बिघडतं. थंडीत ऊन मिळालं नाही तर खाल्लेलं पचत नाही, मादीची अंडी पोसत नाहीत. बघ्यांनी हात न लावताही नुकसान होतं. पाहायला येणाऱ्यांसाठी ऐनाच्या पुढे जायचं नाही असा नियम आजपासून.

१६ जानेवारी

ब-३ पासून थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीत कात मिळाली. जवळजवळ अख्खी. मुलांना मोजायची घाई, पण कात उतरताना ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते, म्हणून तिच्यावरून लांबी लिहायची नाही. खवले मात्र मोजता येतात. पाठीवर अंगाच्या मध्यावर साठाच्या वर ओळी, सगळे खवले गुळगुळीत. मागच्या बाजूला गुदद्वाराशी दोन्ही अंगांना बारीक नखासारखी टोकं, त्यांचीही कात निघालेली. ही मागच्या पायांची उरलेली खूण. नरात मोठी असतात, जुगताना तो त्यांनी मादीच्या अंगाला खाजवतो. सापांचे पूर्वज पायांचे होते, हे शाळेत सांगायला एवढ्या कातेपेक्षा चांगलं साधन नाही. वनरक्षकांना दाखवून पंचनाम्यात नोंद केली.

३ फेब्रुवारी

कॅमेऱ्यात ब-३ वर दोन अजगर, एक अंगाने बराच बारीक. डिसेंबर ते फेब्रुवारी हा जुगण्याचा काळ, त्यामुळे नर मादीच्या मागावर आला असावा. त्याच रात्री साळिंदर बाहेर पडून पहाटे परत आत गेलं. आत वाटा फुटलेल्या असणार.

२१ फेब्रुवारी

भाजावळीचे दिवस. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर कवळं (झाडाच्या तोडलेल्या फांद्या) आणि पाचोळा पसरून जाळतात, आणि वारा फिरला की तीच आग वरच्या गवतात शिरते. खोल बिळात आगीची झळ पोचत नाही, पण धूर पोचतो. बागेच्या मालक काकांशी बोलले. त्यांनी आपणहून राईच्या कडेने आग अडवणारी जाळरेषा काढायचं कबूल केलं, मुलं हाताखाली जातील.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी साळिंदराच्या मटणासाठी बिळाच्या तोंडाशी धुरी करायचे, दुसऱ्या तोंडाला जाळं. साळिंदर सुरण खातं, माडाची रोपं पाडतं, म्हणून त्याच्यावर राग होताच. “कधी कधी साळिंदर भायर येयच नाय,” ते म्हणाले, “आणि दोन दिसांनी बिळातसून वास येय. आत जनावर गुदमारलेला आसायचा.” जनावर म्हणजे इथल्या बोलीत साप. साळिंदराची शिकार कायद्याने गुन्हा आहेच, पण अजगरही त्यात मरतो हे आम्ही आजवर कुठल्या फलकावर वाचलेलं नाही. आमच्या फलकावर हे पहिलं येईल.

१२ मार्च

सप्ताहात बुवांनी भागवतातल्या अवधूताचे चोवीस गुरू सांगितले. त्यांत अजगर आहे: समोर आलं ते खावं, नाही आलं तर पडून राहावं. लोक आळशी माणसाला अजगर म्हणतात, तिथे अवधूताने त्याला गुरू केलं. कीर्तनानंतर बुवांनी मला दोन शब्द बोलायला लावलं, तेव्हा शरीराच्या अंगाने तेच सांगितलं. महिनोन्‌महिने उपाशी राहताना अजगर आतडी आणि इतर अवयव अगदी कमी खर्चात चालवतो. भक्ष्य गिळलं की दोन-तीन दिवसांत सगळं पुन्हा वाढतं. ब्रह्मी अजगरावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेवणानंतर ४८ तासांत हृदयाचं वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. पडून राहिलेल्या अजगराच्या पोटात तेव्हा केवढं काम चाललेलं असतं!

प्रश्न आला: हाडं मोडून मारतो ना? नाही. हाडं मोडत नाहीत. गुदमरून मारतो हेही पुरतं खरं नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये बोआ सापांवर केलेल्या मोजमापात दिसलं की विळखा बसताच काही सेकंदांत उंदराचा रक्तदाब कोसळतो; रक्तच फिरायचं थांबतं. अजगराचा विळखाही त्याच पद्धतीचा. आणि माणूस? भारतात अजगराने मोठा माणूस गिळल्याची खात्रीलायक नोंद माझ्या वाचनात नाही. चावतो मात्र, हात घातला तर. विष नसलं तरी मागे वळलेल्या दातांची जखम खोल होते.

३१ मार्च

मादी आठवडाभर उन्हाला बाहेर आली नव्हती. ब-३ चं तोंड पूर्वेला, त्यामुळे सूर्य डोंगराच्या वर आला की तिरीप थोडा वेळ सरळ आत जाते. आज नेमकी तेव्हा दुर्बीण लावून बसले. बिळाचं तोंड संपतं तिथे, फार आत नाही, मादी वेटोळं घालून. वेटोळ्यावर डोकं टेकलेलं. दोन वळशांच्या फटीत मळकट पांढरं, फुगीर काहीतरी. अंडी.

मग अंगाला झटका बसला. सगळं वेटोळं एकदम आवळलं आणि सैल झालं. थोड्या वेळाने पुन्हा. उचकी लागल्यासारखं, पण लय धरून. ऊन सरकलं आणि आत अंधार झाला.

वाचलेलं डोळ्यांनी दिसलं. म्हणून इतिहास इथे टिपून ठेवते. अजगराची मादी अंडी उबवते असं लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने भारतातल्या अनुभवावरून १८३२ मध्ये पॅरिसच्या अकादमीला कळवलं, तेव्हा ते कुणी मानलं नाही. थंड रक्ताचा साप ऊब कुठून देणार? पुढे १८४१ मध्ये व्हालांसियेन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसमधल्याच पिंजऱ्यातल्या मादीच्या वेटोळ्यात तापमापक ठेवला आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा आत जास्त ऊब असल्याचं दाखवलं. ती ऊब येते कुठून, याचा उलगडा १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या ब्रह्मी अजगराच्या मादीवरून झाला. हवा गार झाली की ती जास्त झटके देते, जास्त प्राणवायू वापरते. एरवी साप गारठ्यात मंदावतो, त्याच्या बरोबर उलट. थंडीत आपण कुडकुडतो त्याच जातीची ही क्रिया, फक्त स्वतःसाठी नाही.

आमच्याकडे तापमापक आत घालायची परवानगी नाही, आणि असती तरी घातला नसता.

४ एप्रिल

कॅमेऱ्यात साळिंदर ब-३ च्या वरच्या तोंडाने ये-जा करतंय, मादीच्या बाजूने नाही. बाकी काही नाही.

१५ एप्रिल

काजूचा भर. वयनी आणि बागेत बिया वेचणाऱ्या सगळ्या बायकांबरोबर दुपारी बसलो. झाडाखालचा पाचोळा झाडून काढतात तो बिया दिसाव्यात म्हणून, आणि जनावर दिसावं म्हणूनही. त्यांची खरी भीती अजगराची नाही, घोणसची आहे, आणि ती भीती बरोबर आहे. घोणस याच पाचोळ्यात बसते, डिवचल्याशिवाय हलत नाही, आणि तिचा दंश जिवावर बेततो. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेतल्याने माणसं दगावलीत.

म्हणून फरक चित्र काढून समजावला. घोणसच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन सुट्या ओळी, साखळीसारख्या, आणि मधल्या ओळीतले ठिपके बऱ्यापैकी एकसारखे. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, एकाला दुसरा न जुळणारा. घोणसच्या खवल्यांवर मधोमध कणा असतो, अंग खरखरीत, बिनचकाकीचं. अजगराचं अंग गुळगुळीत, उन्हात चमकतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी लांबलचक फुसफुसते. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटचं सांगितलं आणि दोनदा सांगितलं: ओळख पटली तरी हात लावायचा नाही, आणि चावलंच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात.

वयनी म्हणाल्या, “ती आपल्या अंड्यांवर बसली हा. आमी थंयचे बियो मागीर येचू.” ब-३ भोवतालची चार झाडं त्यांनी जूनपर्यंत सोडून द्यायचं ठरवलं. पडलेल्या बियांचं नुकसान आहे. भरपाईचं आम्ही विचारलं तर त्यांना ते आवडलं नाही.

६ मे

खालच्या पट्ट्यात रबर लावण्यासाठी जेसीबी आला. जमीन बाहेरच्या माणसाची, ठेकेदार कामाला लागलेला. आम्ही पोचेपर्यंत ब-७ आणि ब-८ गेली होती. या दोन्हींत फक्त साळिंदराच्या नोंदी होत्या, पण पुढच्या वर्षी अजगराची मादी तिथे गेली नसती असं कोण सांगेल? ढेकळांत काटे पडलेले दिसले, जनावर दिसलं नाही.

साफसफाईची आखणी वर ब-३ च्या उतारापर्यंत जात होती. वनरक्षक आले, काका आले. ठेकेदाराने सुचवलं की सर्पमित्र बोलवा, अंडी डब्यात घालून न्या, साप लांबच्या जंगलात सोडा, कामही होईल आणि सापही वाचेल. हे इतकं सरळ वाटतं की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच होतं, चांगल्या मनाने होतं, आणि त्याचे फोटो छापून येतात.

मी तिथेच उभ्या उभ्या जे बोलले ते लिहून ठेवते. अंडी उचलली की मादी त्यांच्यावर परत बसेलच असं नाही. दोन महिने उपाशी राहून ती जे करते ते एका दिवसात वाया जातं. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, ती ओढून सुटी केली किंवा उलटी झाली तर आतला जीव मरू शकतो. यंत्रात पिल्लं निघतातही, पण निघाल्यावर त्यांना सोडायचं कुठे, हा प्रश्न राहतोच. आणि लांब नेऊन सोडलेला मोठा अजगर तिथे राहील कशावरून? फ्लोरिडात सहा ब्रह्मी अजगरांना २१ ते ३६ किलोमीटर लांब नेऊन सोडलं, तर पाच जण महिनोन्‌महिने चालून मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परत आले. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालंय. आपल्या अजगरालाही आपला मुलूख ठाऊक असतो, असं धरून चालणंच शहाणपणाचं. परतीच्या वाटेत रस्ते, कुत्री, कालवे. जिथे तो आहे तिथे त्याला राहू देणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचं. फक्त जून संपेपर्यंत थांबायचंय.

वनरक्षकांनी कायद्याचं कलम शांतपणे सांगितलं. आखणी उतारापासून मागे घेतली. जेसीबीचालकाने स्वतः चुन्याची रेघ मारली आणि रेघेपलीकडचे जुने वारूळही सोडले.

२३ मे

वळवाची पहिली सर. रात्री मादी बाहेर येऊन खडकातल्या खळग्यात पाणी पिताना कॅमेऱ्यात आली. पाठीचा कणा वर आलेला, कूस खपाटीला. थोड्याच वेळात परत आत.

८ जून

मृग लागला. सकाळच्या तिरीपेत वेटोळं सैल दिसलं आणि त्याच्या कडेला अंड्याच्या चिरेतून एक डोकं, अंगठ्याएवढं. पिल्लाच्या नाकाडाच्या टोकाला तात्पुरता दात असतो, त्याने कवच कापतं. कापलं म्हणून लगेच बाहेर येत नाही. उरलेला बलक अंगात घेईपर्यंत एक-दोन दिवस डोकं बाहेर, अंग आत. बाहेर आल्यावर आई त्यांच्याकडे पाहत नाही, आणि त्यांना तिची गरजही नाही.

पहिला पाऊस, बेडकांचा आणि उंदरांचा हंगाम, आणि पिल्लं. वेळ इतकी नेमकी जुळते ती जानेवारीतल्या उन्हापासून. तेव्हा मादीला ऊन घेऊ दिलं नसतं तर अंडी उशिरा पडली असती आणि पिल्लं ऐन आषाढात निघाली असती.

१४ जून

मादी गेली. कॅमेऱ्यात उताराच्या खाली, ओढ्याकडे जाताना. पिल्लं दिवसा बिळाच्या तोंडाशी, रात्री एकेक करून बाहेर. दीड-दोन फुटांची, रंग आईपेक्षा उजळ. यांतली बहुतेक घार, मुंगूस, रानमांजर, घोरपड यांच्या पोटात जातील. म्हणूनच मादी एवढी अंडी घालते. मुलांना हे ऐकून वाईट वाटलं, पण खोटा दिलासा द्यावासा वाटला नाही.

२ जुलै

बीळ रिकामं असल्याची आठवडाभराच्या चित्रणावरून खात्री झाल्यावर वनरक्षकांसमोर टरफलं बाहेर काढली. चामड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटून एक गड्डा झालेला. वीसच्या आतबाहेर असावीत. दोन न फुटलेली, आत काहीच न वाढलेली. बाकी सगळी चिरलेली. कोवळ्या काताही मिळाल्या, पिल्लांनी पहिली कात आतच टाकली होती.

वरच्या तोंडाशी ताजी माती. साळिंदराने आतली एक वाट पुन्हा उकरायला घेतलीय.

११ जुलै

ग्रामसभेत नकाशा मांडला. तीन गोष्टी लिहून घेतल्या. राईकडची बिळं आणि जुनी वारुळं ज्याच्या त्याच्या बागेत असली तरी मोडायची नाहीत. धुरी बंद. डिसेंबर ते जून या काळात त्या उतारावर यंत्र नाही. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या. तिसरीवर बराच वाद झाला, कारण बाग साफ करायचा हंगामच तो आहे. शेवटी बिळाभोवती ठरावीक अंतर सोडून बाकी काम चालू, असं ठरलं. मला हे पटलं. अजगर बागेच्या कडेला राहू शकतो, त्याला अख्खा उतार मोकळा लागत नाही.

बिळांची यादी नोव्हेंबरात, गवत कापायला सुरुवात होण्याआधी, प्रत्येक मालकाच्या घरी पोचवायची आहे. रबराच्या पट्ट्याच्या मालकाला पहिली. ब-९ पासून पुढची मोजणी पलीकडच्या वाडीत. तिथल्या मुलांनी दोन बिळं आधीच शोधून ठेवलीत, आणि एकाच्या तोंडाशी धुळीत सरळ पट्टा आहे असं ती म्हणतात.